जिजाबाईंनी ओ दिली नाही

सावंगीला दवाखान्यात, बाळंतिणींच्या वॉर्डात जिजाबाईंनी एकतीस वर्षं काढली. चादरी बदलायच्या, पाणी तापवायचं, नुकतं जन्मलेलं पोर फडक्यात गुंडाळून बाहेर ताटकळलेल्या आजीच्या ओटीत घालायचं. तिथं आयाचं काम करणाऱ्या बायकांना सगळे मावशीच म्हणतात. दिवसातून शंभरदा ‘मावशी!’ अशी हाक यायची आणि जिजाबाई हातातलं टाकून उठायच्या. डिसेंबरअखेर त्या निवृत्त झाल्या, पण पायांना ते कळलं नव्हतं. घरात कुकरची शिट्टी झाली तरी त्या ताडकन उभ्या राहायच्या.

वॉर्डातली पौर्णिमा सिस्टर वयानं निम्मी असली तरी तिचा जिजाबाईंवर फार जीव. तिनंच टूम काढली.

“मावशी, रविवारी सेलूवरून केळझरले पायी जाऊ. शेताशेतानं. मोबाईलवर रस्ता पाह्यला मी, अडीच तासांत पोचतो.”

शेजारच्या मंदाबाई बाजारात भाजी विकायच्या. केळझरच्या गणपतीला जायचं त्यांच्या मनात होतंच, त्या लगेच तयार झाल्या. जिजाबाई बौद्ध. त्या म्हणाल्या, “तुमी दर्शन घ्या, मी पायऱ्यांवर बसीन.” काम नसताना नुसतंच चालायला जायचं, हेच त्यांना नवलाचं वाटत होतं.

रविवारी आठ वाजता तिघी सेलूला एसटीतून उतरल्या आणि पांदणीला, शेतांमधल्या गाडीवाटेला लागल्या. धुकं अजून शेतांवर बसलेलं होतं. दोन्ही बाजूंना बाभळी, मध्ये चाकोऱ्यांची ओली माती. हरभऱ्याच्या कडेनं जाताना जिजाबाईंचा पदर दवानं भिजला. त्यांनी बोट चाटून पाहिलं. आंबट! लहानपणी आई पहाटे हरभऱ्यावर फडकं पसरून ही आंब धरायची, ते त्यांना किती तरी वर्षांनी आठवलं. मग त्या मागंच राहू लागल्या. धुक्यात पुढं फक्त मंदाबाईंचं लुगडं आणि पौर्णिमाची ओढणी हलताना दिसायची, बोलणं लांबून आल्यासारखं वाटायचं.

तासाभरानं पांदण एकाएकी संपली. समोर नव्या मोठ्या रस्त्याची जाळी होती आणि तिच्यापलीकडून गाड्या सूंऽऽकन जात होत्या.

“मोबाईल तर सरळच दाखवून राह्यला,” पौर्णिमा कावरीबावरी झाली.

“तुहा मोबाईल जाईन जाळीतून,” मंदाबाई म्हणाल्या. “आपन कशा जाव?”

जाळीच्या कडेकडेनं बरंच चालल्यावर रस्त्याखालचा बोगदा सापडला. घोटाभर पाण्यातून, चपला हातात घेऊन तिघी पलीकडे गेल्या. तिथं तानबा नावाचा एक म्हातारा बकऱ्या चारत होता. “कालवा लागन, त्याच्या डाव्या अंगानं जाजा,” तो म्हणाला आणि हातही केला. पण तो उभा होता तोंड ह्यांच्याकडे करून, त्यामुळे त्याचा डावा तो ह्यांचा उजवा. तिघींनी त्याचा शब्द धरला, हात कोणी पाहिला नाही. कालवा लागला तशा त्या डावीकडे वळल्या.

कालवा काही संपेना. गव्हाच्या हिरव्यातून, कपाशीच्या पांढऱ्यातून तो वळत वळत चालला होता. मोबाईलची रेंज गेली. ऊन चढलं. एका कडुनिंबाखाली त्यांनी भाकरी आणि झुणका खाल्ला. पुढं एक टेकाड दिसत होतं. तिथून डांबरी रस्ता दिसतो का, हे पाहायला पौर्णिमा आणि मंदाबाई निघाल्या.

“तुमी या जाऊन. मी टेकते थोडी,” जिजाबाई म्हणाल्या आणि पिशवी उशाला घेऊन आडव्या झाल्या.

भरदुपारी, उघड्यावर, त्या जन्मात कधी झोपल्या नव्हत्या. जाग आली तेव्हा सावली त्यांना सोडून पार पलीकडे सरकली होती. आसपास कोणी नव्हतं. भीती वाटायला हवी होती, पण वाटली नाही. त्या उठल्या, कालव्याच्या काठानं चार पावलं गेल्या, मग बांध उतरून तुरीत शिरल्या. तूर डोक्याच्या वर गेलेली. वारा आला की वाळलेल्या शेंगा खुळखुळायच्या, जशी शंभर पाळण्यांवरची शंभर खेळणी. त्यांना वाटलं, आपण उचललेली सगळी पोरं इथंच कुठं तरी झोपली आहेत, आणि आता कोणालाच उठायची घाई नाही. त्या तुरीच्या दोन ओळींमध्ये बसल्या आणि मुठीत गार माती धरून राहिल्या.

“मावशीऽऽ!”

हाक पौर्णिमाची होती. जिजाबाईंचे गुडघे सवयीनं हलले. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि त्या बसूनच राहिल्या. पुन्हा हाक आली, पुन्हा. त्यांनी ओ दिली नाही. तुरीच्या शेंड्यांमधून निळ्या आभाळाची एक पट्टी दिसत होती, तिच्यातून बगळे संथ चालले होते. ते मोजावेत असंही त्यांना वाटलं नाही.

मग मंदाबाईंचा आवाज आला. “जिजाऽऽ! वं जिजा!” तो आवाज मध्येच फाटला, रडू आल्यासारखा.

“ओऽऽ! आली, आली!” जिजाबाई झटक्यात उठल्या.

मंदाबाईंनी त्यांचे दोन्ही दंड घट्ट धरले. “कालव्यात पडली का काय वाटलं वं मले! हाक आयकू आली नाई का?”

“आली.”

“मंग काऊन नाई बोलली?”

“बरं वाटून राह्यलं होतं,” जिजाबाई म्हणाल्या. त्यांना स्वतःचीच लाज वाटली, तरी हसू लपेना.

मंदाबाई रागावल्या होत्या, पण त्यांनी जिजाबाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि पदरानं त्यांच्या केसांतला पाचोळा झटकला. पौर्णिमा कधीची “माहंच चुकलं” म्हणत होती.

टेकाडावरून रस्ता दिसला नव्हताच. थोडं पुढं शकुबाई नावाची एक बाई कापूस वेचत होती. तिनं तिघींना पाणी पाजलं आणि सगळं ऐकून घेतल्यावर ती तोंडाला पदर लावून हसत सुटली. मग तिनं शेताच्या बांधाकडे हात केला. “केळझर मागं राह्यलं नं बाई! ह्या धुऱ्यानं सरळ जाजा, सेलूचा रस्ता लागते.”

चार वाजता त्या रस्त्याला लागल्या, सकाळी उतरल्या होत्या तिथून जेमतेम दोन किलोमीटरवर. मंदाबाईंनी केळझरच्या दिशेला हात जोडले. “त्याले म्हाईत आहे, मी निघाली होती,” त्या म्हणाल्या. एसटीत तिघींना एकच बाक मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता पौर्णिमाचा फोन आला. “मावशी, पाय दुखून राह्यले का?”

“लई दुखून राह्यले वं,” जिजाबाई म्हणाल्या. भांडी मोरीत तशीच पडली होती, आणि त्या अंगणात पाय उन्हात पसरून बसल्या होत्या.