दिल्लीच्या जाणकाराला ऐकवलेले दोन ढोल

ढोल बनवणाऱ्यानं लिहायला बसू नये, असं आमच्या घराचं मत आहे. मत बायकोचं आहे, म्हणजे घराचंच. मी तिसरीपर्यंत शिकलो. चौथीत बाकावर ठेका धरला म्हणून गुरुजींनी वर्गाबाहेर काढलं आणि मी परत आत गेलो नाही. त्यांनी बोलवायला पाहिजे होतं. आता या वयात लिहितोय ते एवढ्यासाठी, की पुराच्या वर्षी चाळीस ढोल कसे वाचले ही हकिगत मी गल्लीत इतक्या वेळा सांगितली, आणि दर वेळी त्यात माझी हुशारी थोडी थोडी वाढत गेली, की परवा सून म्हणाली, "मामा, एकदा खरं काय झालं ते लिहून ठेवा. नंतर कुणाला सापडायचं नाही." आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात.

दुकान नाशकात गोदावरीच्या काठाला, भांडी बाजारातून खाली उतरलं की डाव्या हाताला. खाली ढोल, वर लाकडी माळा, माळ्यावर जायला शिडी आणि एक माणूस जेमतेम मावेल एवढं चौकोनी भगदाड. राहायला आम्ही वरच्या आळीत. दुकानाचे कायदे दोन, दोन्ही वडिलांपासून चालत आलेले.

पहिला कायदा असा, की गिऱ्हाइकानं दुकानात स्वतः वाजवल्याशिवाय ढोल बाहेर जाणार नाही. गणपतीच्या आधी मंडळांची माणसं यायची. त्यांतला वाजवणारा कोण ते विचारून मी त्याच्या हातात टिपरू द्यायचो. टिपरू म्हणजे ढोलाची काठी. एका बाजूला टिपरू, दुसऱ्या बाजूला हाताची थाप, आणि मी डोळे मिटून ऐकायचो. त्याचा हात आणि माझा ढोल जमला तर सौदा, नाहीतर दुसरा ढोल. पंचवटीतल्या एका मंडळाचा अध्यक्ष एकदा एकटाच पैसे घेऊन आला. मी त्याला म्हणालो, "वाजवणाऱ्याला घेऊन ये. नवरी बघायला एकटा बाप कशाला आलास?" तो दोन वर्षं रुसला. मग वाजवणाऱ्याला घेऊन आला.

दुसरा कायदा दुतोंड्या मारुतीचा. हा मारुती नदीच्या पात्रातच उभा आहे, चांगला उंच, दोन्हीकडं तोंड. नदी चढली की काठचे दुकानदार आधी त्याच्याकडं बघतात. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं की माल फळीवर. कमरेला लागलं की माळ्यावर. छातीला लागलं की कुलूप लावून घरी. नव्वदनंतर भोंग्याची गाडी फिरून धरणातून पाणी सोडल्याचं सांगायला लागली, तरी मी छत्री घेऊन मारुती बघून यायचो आणि मगच मालाला हात लावायचो. बायको म्हणायची, "अहो, तो ब्रह्मचारी देव. त्याला दुकान ना संसार. घरात बायको सांगतीये ते ऐका की."

मी ऐकत नसे, आणि नव्वदच्या दशकात एकदाही फसलो नाही. हे मी लिहिलंय ते सुनेला दाखवणार आहे.

सून आली ती दोन हजारनंतर. निफाडकडची, माहेरी द्राक्षबाग. बागवाल्यांच्या घरात सकाळी देवाच्या आधी हवामानाच्या बातम्या लागतात, त्यामुळं तिला आभाळाची लय घाई. शिवाय बी.कॉम. आणि कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. मुलगा सातपूरला कारखान्यात पाळीवर जायचा, दुकानाशी त्याचा संबंध फक्त डबा खाण्यापुरता, म्हणून ती दुकानात येऊ लागली. तिनं ढोलांचे फोटो काढले आणि नेट कॅफेत बसून कुठंतरी टाकले. मी म्हणालो, "फोटोला आवाज असतो का?" ती म्हणाली, "गिऱ्हाइक तरी दिसेल, मामा."

आणि एका उन्हाळ्यात गिऱ्हाइक दिसलं. थेट लंडनचं. तिथं मोठा उत्सव होता म्हणे, चाळीस ढोल पाहिजेत. पत्राच्या सुरुवातीला मला "डिअर सर अँड मास्टर" म्हटलं होतं. सुनेनं त्याचा अर्थ सांगितला. मी तो तीनदा सांगायला लावला. मग त्या कागदाला लॅमिनेशन केलं आणि वडिलांच्या फोटोशेजारी लावला. वडिलांचा फोटो थोडा सरकवावा लागला.

त्यानंतर मी जे केलं ते गल्लीत सांगताना गाळायचो. आलेल्या प्रत्येक मंडळाला मी परत पाठवलं. पंचवटीचा अध्यक्ष या वेळी वाजवणाऱ्याला बरोबर घेऊन आला होता, त्यालासुद्धा. "यंदा नाशिकला ढोल नाही," मी म्हणालो, "लंडनचं काम चाललंय." तो लॅमिनेशन वाचून गेला.

पुढं पत्रं येत गेली. ढोल जोडी-जोडीनं गोणपाटात शिवा. शिवणीवर लाखेचं सील मारा. सील तुटलं तर ऑर्डर रद्द. आमचे संगीताचे जाणकार दिल्लीत असतात, त्यांनी तुमचे ढोल पसंत केले आहेत. आता फक्त नोंदणीची फी बँकेत भरा, की ट्रक दाराशी. फी किती ते इथं लिहीत नाही. बायको वाचणार आहे.

सुनेच्या कपाळाला आठ्या पडायला लागल्या. "मामा, यांनी ढोलाची उंची विचारली नाही. तोंडावर मढवायचं पान कातड्याचं की प्लास्टिकचं, तेही नाही. फी कधी भरता, एवढं मात्र तीनदा विचारलंय."

"मोठी माणसं बारीकसारीक विचारत नसतात."

"माझे वडील द्राक्षं बाहेर पाठवतात. तिकडचा माणूस मण्याची जाडी मोजून मागतो."

"द्राक्षं खायची असतात."

"आणि ढोल ऐकायचे असतात," ती म्हणाली. मी दोरी ओढायला घेतली. दोरी ओढताना बोलायचं नसतं, हा कायदा मी त्याच दिवशी केला.

गणपतीला दहा-अकरा दिवस राहिले असतील. तीन दिवस पाऊस लागून राहिला होता. दुकानात चाळीस ढोल, वीस बोचकी, सगळी शिवलेली, लाल सीलं मारलेली. गोणपाटात शेगडीची धग पोचेना, म्हणून कातडी पानं ढिली पडू नयेत यासाठी मी अर्धा दिवस खपून एका बोचक्याची सीलं वाचवून कडेची शिवण उसवली होती आणि त्यातले दोन ढोल बाहेर ठेवले होते. एक शेगडीजवळ. दुसरा मी छपराच्या गळतीखाली ठेवला होता, हे मला तिसऱ्या दिवशी, म्हणजे त्याच सकाळी कळलं. दोष छपराचा होता.

दुपारी सून छत्री झाडत आली. तिनं कुठंतरी फोन करून विचारलं होतं. "धरणातून आणखी पाणी सोडतायत. दोन तासांत इथं येईल. ढोल माळ्यावर चढवू."

"मारुतीच्या गुडघ्याला पाणी आहे," मी म्हणालो, "आत्ताच बघून आलो. कमरेला लागू दे."

"मारुतीला कळेपर्यंत आपल्या उंबऱ्याला लागेल. मी सोडलेल्या पाण्याचं सांगतीये, तुम्ही आलेल्या पाण्याचं सांगताय."

खरी अडचण मारुतीची नव्हती, ती तिलाही ठाऊक होती. बोचकं माळ्याच्या भगदाडातून जात नव्हतं. ढोल वर न्यायचे तर शिवण उसवायची, आणि दोन तासांत सगळ्यांची सीलं वाचवत बसणं शक्य नव्हतं; ती तोडायची, म्हणजे लंडन रद्द. आणि फी दुसऱ्या दिवशी भरायची ठरलेली. पैसे माझ्या बंडीच्या आतल्या खिशात होते. वर्षभराचं पोट त्या वीस बोचक्यांत होतं आणि मी त्यांच्यापुढं हात आडवा करून उभा होतो.

बायको जेवणाचा डबा घेऊन आली होती, ती पायरीवर बसून आमचं ऐकत होती. ती म्हणाली, "अहो, दिल्लीवाल्याला ढोल पसंत पडले म्हणता. त्यानं ऐकले कधी?"

मी म्हणालो, "लंडनची पद्धत वेगळी असते."

"म्हणजे पंचवटीवाल्याला कायदा, आणि लंडनवाल्याला माफी?"

म्हटलं, मग ऐकवूनच बघू. मी बाहेरचे दोन ढोल उचलले, त्यांवर प्लास्टिक टाकलं आणि कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथकडं निघालो. सून पत्रातला दिल्लीचा नंबर घेऊन मागं आली. बायको तमाशा बघायला आली.

बूथ काचेचा, एका माणसापुरता. ढोल आत मावेना, म्हणून दार उघडं ठेवून मी बाहेर वाजवायचं आणि सुनेनं रिसीव्हर ढोलाकडं धरायचा, असं ठरलं. फोन लागला. मी हिंदीत सांगितलं, "नासिक से बोल रहा हूं. साहब के ढोल का काम है. जाणकार आप ही हो ना?" तो म्हणाला, "हां हां, बोलिए मास्टरजी." मास्टरजी ऐकून मी जरा विरघळलो, हेही लिहून ठेवतो.

आधी शेगडीजवळचा ढोल वाजवला. बूथची काच थरथरली, बूथवाला बिस्किटाचा पुडा हातात धरून तसाच राहिला. दिल्लीवाला म्हणाला, "बहुत बढ़िया."

मग गळतीखालचा ढोल घेतला. पान इतकं भिजलेलं, की टिपरू मारल्यावर ओल्या गोधडीवर बुक्की मारल्यासारखा आवाज आला. दोन-चार ठोके मारले. बायकोनं तोंडाला पदर लावला.

"कैसा है?" मी विचारलं.

"ये तो पहले वाले से भी अच्छा," जाणकार म्हणाला. "साहब को बिलकुल यही आवाज़ चाहिए. फीस आज जमा हो जाएगी ना, मास्टरजी?"

मी रिसीव्हर ठेवला. बूथवाला म्हणाला, "काका, दुसरा मेलेला होता. मला पण कळलं."

फी मागितली याचा मला राग आला नाही. मागणारे मागतात. पण मेलेल्या ढोलाला त्यानं चांगला म्हटलं, आणि त्याच तोंडानं मला मास्टर म्हटलं होतं, तेव्हा माझी किंमत त्यानं कशावरून ठरवली होती ते लक्षात आलं. त्यापेक्षा शिवी परवडली असती.

परत येताना मी सवयीनं नदीकडं वळलो. सून एवढंच म्हणाली, "मामा." तरी मी बघितलं. पाणी मारुतीच्या कमरेला पोचलं होतं. आम्ही फोन करून येईपर्यंत, गुडघ्यापासून कमरेपर्यंत. माझ्या आयुष्यात त्याला एवढी घाई मी कधी पाहिली नव्हती.

दुकानात आल्यावर कातडं कापायची रापी मी हातात घेतली. सून म्हणाली, "मी उसवते." मी म्हणालो, "सीलं मी मारलीत, मीच तोडणार." एवढा मान मी ठेवून घेतला. बायको माळ्यावर चढली, सून शिडीवर, मी खाली. मी बोचकं फोडायचो, एकेक ढोल सुनेच्या हातात, तिच्याकडून वर. बायको वरून मोजत होती, आणि मधूनच विचारत होती, "हा लंडनचा का नाशिकचा?" मी नुसता पुढचा ढोल वर देत होतो, बोलायला दम नव्हता.

बारा ढोल राहिले असताना पाणी उंबरा ओलांडून आत आलं. गढूळ, थंड, आवाज न करता. शेवटचं बोचकं फोडलं तेव्हा माझ्या गुडघ्याच्या वर होतं. एक ढोल हातातून निसटला आणि ऐटीत तरंगत दाराकडं निघाला. सुनेनं शिडीवरून पाय लांब करून अडवला.

"ढोलाला पाय लावू नये," मी म्हणालो.

"मग तुम्ही हात लावा लवकर," ती म्हणाली.

चाळीसच्या चाळीस वर गेले. आम्ही कमरेएवढ्या पाण्यातून भिंतीला धरून वरच्या आळीला पोचलो. दोन दिवसांनी पाणी उतरलं तेव्हा दुकानात वीतभर गाळ होता. वडिलांच्या फोटोचा लगदा झाला होता. लंडनचं पत्र मात्र लॅमिनेशनमुळं जसंच्या तसं निघालं. सुनेनं ते धुऊन ठेवलंय. कशाला, ते मी विचारलं नाही.

ढोल वाचले, पण ढोल काही माळ्यावर ठेवायला बनवत नाहीत. गणपतीला आठवडा, आणि सगळी गिऱ्हाइकं मीच हाकललेली. माझ्या वडिलांनी किंवा मी कधी कुणाच्या दारात ढोल विकायला नेला नव्हता. लोक आमच्याकडं यायचे. मी एक दिवस गाळ काढण्यात घालवला. दुसऱ्या दिवशीही गाळ काढत होतो, तेव्हा सून म्हणाली, "आता तिथं गाळ नाही मामा, फरशी आहे."

मग निघालो. हातगाडीवर चार ढोल, मी पुढं, सून मागं. पहिलंच पंचवटीचं मंडळ. मांडवाचं काम चाललेलं, पंधरा-वीस माणसं. खांबावर चढलेल्या अध्यक्षानं मला पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "या काका. लंडनहून कधी आलात?"

वाटेत मी तीन वेगवेगळी उत्तरं तयार केली होती. पाऊस, ट्रक, विमान. सून मागं उभी होती. मी म्हणालो, "लंडन नव्हतंच. चोर होता. मी फी भरायला निघालो होतो, सून नको म्हणत होती."

मांडवात कुणी हसलं नाही. अध्यक्ष खांबावरून उतरून खाली आला. मग हळूच म्हणाला, "आमच्या खजिनदारालाही असलंच एक पत्र आलंय. परदेशी देणगी देतो म्हणून. त्यालाही आधी फी पाहिजे."

"भरलीत?" सुनेनं विचारलं.

"सोमवारी भरणार होतो."

सुनेनं ते पत्र मागवून घेतलं आणि मांडवातच पाटावर बसून त्यांना ओळीओळीनं समजावलं. तोवर वाजवणाऱ्यानं गाडीवरचे ढोल उतरवून वाजवून पाहिले. तीन ठेवून घेतले, एक परत दिला. त्याचा हात आणि तो ढोल जमला नाही, ते मलाही ऐकू आलं होतं.

त्यानंतर रोज दोन-तीन मंडळं केली. प्रत्येक ठिकाणी आधी माझी फजिती सांगायची, मग ढोल दाखवायचे. फजितीमुळं लोक जवळ यायचे. चौथ्या मंडळात मी "मला पहिल्यापासून संशय होता" असं म्हणून बघितलं, पण सुनेनं मागून खोकून दाखवलं. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत चौतीस ढोल गेले. घरी परतताना गाडीवर दोन उरले होते आणि दुकानात चार. सून यादी बघत म्हणाली, "मामा, उद्या सकाळी एखादं मंडळ ऐनवेळी घेईल. देवळालीकडं जायचं का सातपूरकडं?"

मी म्हणालो, "तू सांगशील तिकडं."

बायको तिथं नव्हती. सुनेनं घरी जाऊन तिला ते सांगितलं, तेव्हा बायको उठून माझ्याजवळ आली आणि ताप आहे का म्हणून कपाळाला हात लावून बघितला.