खळ्यावर लावलेली गाडी

कॅम्पर व्हॅननं हिमाचल फिरायचं माझं स्वप्न आईपाशी येऊन अडलं होतं. तिचे गुडघे गेलेत. लॉजचे जिने आणि वाटेतली स्वच्छतागृहं यांच्या धास्तीनं चार वर्षांत ती ठाण्याबाहेर पडलेली नाही. तिला एकटं टाकून मी जाणार नव्हतो, आणि “मी म्हणजे तुझ्या गळ्यातली धोंड” हे तिचं पालुपद. म्हणून आधी दोन दिवसांची रंगीत तालीम ठरवली: शहापूर, किन्हवली, सरळगाव, धसई आणि मग माळशेज.

व्हॅनचं भाडं दिवसाला सात हजार (आत पलंग आणि शौचालय आहे), डिझेल आपलं. पाणी आणि भाजी शहापूरलाच भरून घ्या. किन्हवलीचा रस्ता अरुंद आहे, पण नोव्हेंबरात कापलेल्या भाताचा वास गाडीभर येतो. आई मात्र मागे पर्स मांडीवर धरून, परक्याच्या घरी बसावं तशी गप्प बसलेली. बोंबलली आपली ट्रिप, असंच मला वाटलं.

धसईच्या अलीकडे रस्त्यालगत एक सपाट, लख्ख झाडलेली जागा दिसली. समोर सह्याद्रीची अख्खी भिंत. एवढी फर्स्टक्लास जागा आणि फुकट! मी व्हॅन आत घातली, चहाचं आधण ठेवलं. तेवढ्यात शेतातून एक बाई विळ्यासकट धावत आल्या.

“ओ दादा, खल्यावर गाडी घातली? उद्या झोडणी हाय आमची! माती सगली भातात येल ना!”

“कसलं खळं?” मी विचारलं. आईच खिडकीतून ओरडली, “अरे गाढवा, भात झोडायला सारवलेलं खळं आहे ते! आमच्याकडे त्यावर चप्पल घालूनसुद्धा कुणी जात नसे.”

आईचं माहेर शेतकऱ्याचं. पण खळ्याबिळ्याचं तिनं कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

व्हॅन काढली तर चाकांनी सारवण उकरलेलं. आई काठी टेकत खाली उतरली. “शेण आहे ना? खराटा द्या इकडे.”

“मावशी, तुमी नको, पाय दुखतील,” सुमनताई म्हणाल्या. एव्हाना त्यांचं नाव कळलं होतं.

“खराट्यानं सारवायला वाकावं थोडंच लागतं?”

मी बादल्या वाहिल्या. एका हातात काठी, दुसऱ्यात खराटा, आई उभ्यानंच सारवत गेली. “पातळ झालंय, शेण घाल अजून!” तिचा असा हुकमी आवाज मी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशीचा माळशेज सुंदरच होता, त्याचे फोटो खाली आहेत.

घरी परतल्यावर हिमाचलचा विषय काढायचा मला धीर होईना. तिसऱ्या दिवशी तिनंच काढला.

“येईन मी. पण गाडी लावायच्या आधी मला खाली उतरवायचं. जागा मी बघणार.”