आमच्या दुकानाचा ब्लॉग आणि करू कॉफी

गोंदियाला स्टेशनकडून बाजारात येणाऱ्या रस्त्यावर माझ्या भावाचा एक गाळा होता. आधी त्यात एसटीडी बूथ होतं. नंतर त्याने तिथेच चार कॉम्प्युटर मांडून सायबर कॅफे चालवला. मग लोकांच्या खिशात मोबाइल आले, घराघरात इंटरनेट आलं, आणि भाऊ एका राइस मिलमध्ये सुपरवायझर म्हणून लागला. गाळा रिकामाच पडून होता. दोन हजार दहाच्या आसपासची ही गोष्ट. मी नुकतीच पुण्याची नोकरी सोडून गोंदियाजवळच्या फुलचूरला, भावाच्या घरी परत आले होते.

पुण्यात मी तीन वर्षं एका कंपनीत ग्राहकांचे फोन घ्यायचं काम केलं. पहिल्याच आठवड्यात मी एका गृहस्थांना म्हणाले, "सर, मी चेक करून राहिली आहे, दोन मिनिटं थांबा." माझ्या रांगेतल्या सगळ्या मुली हसल्या. आमची टीम लीडर चांगली होती, तिने मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "तू छान बोलतेस गं, फक्त ते 'राहिली' काढून टाक." मी काढून टाकलं. त्यानंतर तीन वर्षं प्रत्येक वाक्य तोंडातून बाहेर पडायच्या आधी मी ते आतल्या आत तपासून घ्यायचे. मी कुठली आहे हे कोणाला ओळखू येईना, तेव्हा मला फार मोठं काही मिळवल्यासारखं वाटलं होतं.

पुण्यातली एकच गोष्ट मला मनापासून आवडली होती. ऑफिसच्या खाली एक कॉफीचं दुकान होतं. तिथे एक कप घेऊन बाई एकटी दोन तास बसली, तरी तिला कोणी ऊठ म्हणत नसे. आमच्याकडे चहाच्या टपऱ्या पावलोपावली, पण तिथे उभे सगळे पुरुष. बाजाराला आलेल्या बाईने टेकायचं कुठे? बसस्टँडवर, पिशव्या पायांत धरून. म्हणून मी भावाला म्हणाले, गाळा मला दे.

भाऊ विचारात पडला. वहिनी पडली नाही. ती चिचगडची, जंगलातल्या गावात वाढलेली, आणि पोटात एक ओठात एक असं तिला जमतच नाही. "दे ना तिले," ती म्हणाली. "मीही जातो तिच्यासंगं. घरी बसून तरी का करून राहिलो?" आमच्याकडे बायाही 'मी जातो' असंच म्हणतात. त्या वेळेपर्यंत तिने आयुष्यात कॉफी प्यायली नव्हती. नागपूरहून आणलेलं जुनं मशीन पहिल्यांदा सुरू झालं, तेव्हा वास घेऊन ती म्हणाली, "मोहफुलं भाजता भाजता करपली का असाच वास येते." पण आठवडाभरात तिचा हात माझ्यापेक्षा चांगला बसला.

दुकान उघडलं आणि लोक आत डोकावू लागले. "चाय मिलेगी?"

"नाही जी, कॉफी हाये."

"अच्छा," म्हणायचे आणि निघून जायचे. कॉलेजची काही मुलं यायची. रेल्वेतून रिटायर झालेले एक काका रोज सकाळी पेपर घेऊन यायचे, मूळचे छत्तीसगढकडचे, बोलणं सगळं हिंदीत. बाकी खुर्च्या रिकाम्या. कित्येक दिवस असे गेले की मशीनमधली जास्त कॉफी वहिनीनं आणि मीच प्यायली.

सायबर कॅफेच्या चार कॉम्प्युटरपैकी एक अजून चालत होता. तो कोपऱ्यात तसाच होता. पुण्यातलं ते दुकान आपला ब्लॉग चालवायचं, हे मला आठवलं. मी ठरवलं, आपणही चालवायचा. एका वहीत विषयांची यादी केली. कॉफी पिण्याचे फायदे. कॉफीचा शोध कसा लागला. कॅपुचिनो आणि लाटे यांतला फरक. थंडी आणि कॉफी. एकेक विषय घेऊन मी लिहायला लागले, अगदी तोलून मापून. "कॉफी हे केवळ पेय नसून एक अनुभव आहे," असलं काहीतरी. किती लोकांनी पान पाहिलं याचा आकडा खाली दिसायचा. तो आकडा तीनवर पोचला त्या दिवशी मी खूश झाले. मग लक्षात आलं की एकदा मी दुकानातून पाहिलं होतं, एकदा घरून, आणि एकदा भावाच्या मिलमधून.

एका दुपारी वहिनी म्हणाली, "वाचून दाखव बरं, का लिवतेस ते."

मी वाचून दाखवलं. ती कप पुसत शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, "हे कोन लिवलं?"

"मीच."

"तू त अशी बोलत नाही. असं वाटते का कोनाच्या लग्नाची पत्रिका वाचून राहिली. आमच्या दुकानाचं यात का हाये?"

मला राग आला. मी कॉम्प्युटर बंद केला.

चार-पाच दिवसांनी एक म्हातारी दुकानात आली. आमच्या जिल्ह्यातल्या गोरेगावच्या बाजूची, सुनेच्या माहेरी निघालेली, आणि तिच्या गाडीला दोन तास होते. बाहेर ऊन फार होतं म्हणून ती आमच्या दारात थांबली होती. वहिनी म्हणाली, "या जी, आत बसा." तिला फुकटच एक कप दिला. म्हातारीनं फुंकर घातली, एक घोट घेतला, कप खाली ठेवला, आणि आमच्या दोघींकडे काळजीनं आळीपाळीनं पाहत विचारलं, "हे त लय करू हाये बाई. तुमच्या घरी कोन आजारी हाये?"

आमच्याकडे कडूला करू म्हणतात. तिला वाटलं, आम्ही आजाऱ्यासाठी काढा उकळत बसलो आहोत, आणि पाहुण्यालाही चांगुलपणाने त्यातलाच दिला. वहिनी हसत हसत खालीच बसली. म्हातारीला सांगितल्यावर तीही हसली, मग दोन चमचे साखर घालून तिने तो कप संपवला. जाताना म्हणाली, "काढाच म्हना. गुडघ्याले लागू पडला त सांगीन."

ती गेल्यावर मी कॉम्प्युटरपुढे बसले आणि जे झालं ते लिहायला लागले. पहिली दोन वाक्यं पुण्याच्या मराठीत लिहिली. तिसऱ्यात म्हातारीचं बोलणं आलं. "तुमच्या घरी कोणी आजारी आहे का?" असं लिहिलं, आणि सगळा जीवच गेला त्यातला. खोडलं. ती बोलली होती तसंच लिहिलं. मग तिच्या बोलण्याच्या आजूबाजूची माझी वाक्यं परकी दिसायला लागली. तीही खोडली. "आज दुपारी आमी बसून राहिलो होतो," असं सुरू केलं आणि थांबलेच नाही. तीन वर्षांत जे शब्द मी तोंडात येऊ दिले नव्हते, ते बोटांतून भराभरा उतरत होते. लेखाला नाव दिलं, 'कोन आजारी हाये?' बटन दाबताना मात्र पुण्यातल्या त्या रांगेतल्या मुली वाचतील, अशी भीती वाटली.

दोन दिवसांनी सकाळी पाहिलं तर खाली प्रतिक्रिया होत्या. पहिली पुण्यातल्याच एका इंजिनियरची. तो मूळचा आमच्याच जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावकडचा. त्याने लिहिलं होतं, "माझी माय अशीच बोलते. ऑफिसमध्ये वाचता वाचता हसलो आणि मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं." दुसरी हैदराबादहून, तिसरी मस्कतहून. आमगावची एक नर्स तिथे नोकरीला होती. तिने फक्त एवढंच लिहिलं होतं, "अजून लिव ना बाई." पानाचा आकडा मी वहिनीला दाखवला, तिने चष्मा लावून पुन्हा पाहिला.

पण त्यांच्यात एक प्रतिक्रिया नावाशिवाय होती. "आधी शुद्ध मराठी शिका, मग लिहायला घ्या."

ते वाचून मी लेख काढून टाकायला निघाले होते. वहिनीनं माझा हात धरला. "काऊन काढून राहिली? कोनाची चोरी केली का आपन?"

"लोक हसतील, वहिनी."

"हसू दे ना. हसाचीच गोठ हाये ते. तू लिव, मी सांगतो." आणि तिने उभ्या उभ्या उत्तर सांगितलं, मी टाइप केलं. "साहेब, तुमी दुकानात या. बसा. कॉफी पेऊन सांगा, का करू हाये, कॉफी का आमची बोली." त्या उत्तराखाली दिवसभर लोक लिहीत राहिले. तो माणूस पुन्हा दिसला नाही.

मग विषयांची वही मी मिटूनच टाकली. विषय दारातून आपोआप येत होते. रेल्वेवाल्या काकांनी विचारलं, "हमारे बारे में क्यों नहीं लिखती, बेटा?" त्यांच्यावर लिहिलं, त्यांच्या हिंदीसकट. एकदा बाबा गावाहून आले. आमचे बाबा धानाचे शेतकरी. दुकानाची कल्पना त्यांना पटलेली नव्हती. त्यांच्यापुढे मी हौसेनं भरपूर फेस आणून कप ठेवला. त्यांनी चमचा घेतला आणि सगळा फेस शांतपणे काढून बशीत टाकला. गूळ उकळताना वर येणारी मळी काढतात, तसा. मग म्हणाले, "आता साफ झाली." मी तेही जसंच्या तसं लिहिलं. बाबांवरचा तो लेख तर लोकांनी एकमेकांना पाठवून पाठवून कुठल्या कुठे नेला.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. दिवसा जत्रा, रात्री नाटकं, आणि बाहेर गेलेली सगळी माणसं दिवाळीपेक्षाही मंडईला हटकून घरी येतात. त्या दिवसांत मी ब्लॉगवर दोनच ओळी लिहिल्या. "मंडईले आले त दुकानात या. पर एकटे नोका येऊ, मायले घेऊन या."

मला वाटलं होतं, सात-आठ जण येतील. रविवारी अकरा वाजता दुकान भरलं. बारा वाजता भाऊ शेजारच्या मंडपवाल्याकडून खुर्च्या आणायला पळाला. खुर्च्या रस्त्याच्या कडेपर्यंत गेल्या. कॉलेजातली मुलं आली, बँकेत लागलेल्या मुली आल्या, हैदराबादवाला आला, आणि प्रत्येकाबरोबर एक बाई. ठेवणीतली लुगडी नेसलेल्या, नव्या बांगड्या घातलेल्या बाया, ज्यांनी कधी कोणत्या हॉटेलात पाय ठेवला नव्हता. आत येताना त्या बिचकत होत्या. दहा मिनिटांत त्यांनी खुर्च्या एकमेकींकडे ओढून घेतल्या आणि माहेर-सासरची ओळख काढायला लागल्या. आमची कॉफी कोणालाही आवडली नाही. सगळ्यांनी ती मोठ्या आवाजात नावं ठेवत प्यायली. काहींनी दुसरा कप मागितला, "पुन्हा एकदा करू हाये का पाहून घेतो," म्हणून. तीनदा दूध संपलं. वहिनी मशीनमागून हुकूम सोडत होती, आणि रेल्वेवाले काका कप उचलून नेत होते.

बाबा एका खुर्चीवर संकोचून बसले होते. एका मुलीनं त्यांना ओळखलं. "तुमीच फेस काढनारे बाबा का जी?" सगळं दुकान वळून पाहायला लागलं. बाबा उठून उभे राहिले, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "हो, मीच होय." मग त्यांनी चमचा मागवला आणि फेस कसा काढायचा हे जमलेल्या सगळ्या बायांना करून दाखवलं. बाबांना असं खुलून बोलताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. दुकान चालेल की नाही, हे त्यांनी त्यानंतर मला कधीच विचारलं नाही.

कोणीतरी म्हणालं, "वाचून दाखव ना." मी उभी राहिले. त्या म्हातारीचा लेख वाचायला घेतला. सुरुवातीला आवाज पुण्यासारखाच निघाला, आणि लिहिलेलं 'करू' मी 'कडू' वाचलं. समोरच्या रांगेतल्या एका मायनं मध्येच हटकलं, "कडू कायले मनून राहिली? करू मन." मी 'करू' म्हणाले. बाया मोठ्यानं हसल्या, आणि मग माझा आवाज आपोआप खाली, घरातल्या आवाजावर आला. शेवटच्या ओळीपर्यंत मी एकही शब्द आधी तपासला नाही.

वाचून झालं तेव्हा त्या पुण्याच्या इंजिनियरची माय उठली. अर्जुनी मोरगावहून ती मुलाच्या मागे मोटारसायकलवर बसून आली होती. म्हणाली, "बाई, हे त एकाच बाईची गोठ झाली. माया सासूनं पयल्यांदा साबन पाहिला ते तुले माहीत नाही. लिव." आणि ती तिथेच सांगायला लागली. मी कॉम्प्युटरकडे धावले. ती सांगत होती, मी टाइप करत होते, आणि माझ्या मागे उभी माणसं एकेक शब्द पडद्यावर उमटताना मोठ्याने वाचत होती. तिची गोष्ट संपायच्या आधी दुसरीनं हात वर केला.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही शेजारचा गाळाही घेतला. दोन्हीमधली भिंत काढली आणि बाहेर मोठा बोर्ड लावायचं ठरलं. पेंटर हिंदी बोलणारा होता, पण मराठी बोर्ड रंगवण्यात त्याची उभी हयात गेलेली. वहिनीनं लिहून दिलेला कागद त्याने हातात धरून दोनदा वाचला.

"कॉफी पेऊन जा जी," तो म्हणाला. "भाभीजी, इसमें गलती है. पिऊन होना चाहिए."

वहिनी माझ्याकडे पाहायला लागली. मी पुण्याहून शिकून आलेली, उत्तर मी द्यावं असं तिला वाटत होतं.

"भैया, पेऊनच लिवा," मी म्हणाले. "अन् मोठ्या अक्षरात."