खाण न लिहिलेला माल

केरू गोताड कोणाच्या ओटीवर गेला की आधी भिंतीकडे बघायचा आणि मग माणसांकडे. पावसच्या वाटेवरच्या पाच-सहा गावांतली निम्मी घरं ह्याच गवंड्याच्या हातची. जांभ्याचा चिरा घ्यायचा तर केरू स्वतः खाणीवर जाणार, एकेका चिऱ्यावर थापीचा दांडा वाजवणार, कान लावणार. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर बाजूला. एकदा अर्धा ट्रक उतरून झाल्यावर त्याने सगळा माल परत धाडला, कारण चिऱ्यांचे कोपरे हातात येत होते. खाणवाला चिडला, घरमालक चिडला, ट्रकवाल्याने तर आईबहीण काढली. केरूने विडी पेटवली आणि शेवटचा चिरा परत चढेपर्यंत तो जागचा हलला नाही. भीड म्हणजे काय, हे त्याला माहीतच नव्हतं.

अशा माणसाला गेल्या शिमग्यानंतर अर्धांगाचा झटका आला. जीभ सावरली, पायही सावरला, उजवा हात मात्र तसाच राहिला. रत्नागिरीत व्यायाम शिकवणाऱ्या निशिगंधा मॅडम म्हणाल्या, "लहान मुलांच्या एकमेकींत बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या विटा मिळतात ना, त्या आणा. छोट्या आणा. रोज चाळीस बसवायच्या, उजव्याच हाताने. चिमटीत जोर आला की पुढचं बघू."

जन्मभर चिरे उचललेल्या केरूने ते खाली मान घालून ऐकून घेतलं. थापी आणि ओळंबा असलेली पिशवी घरात खुंटीला होती. बाबू गवंडी दोनदा विचारून गेला होता, हत्यारं विकायची असतील तर सांगा म्हणून. केरू म्हणाला होता, "दसऱ्यापातूर थांब."

आता विटा आणायच्या कोणी? अर्थात दीपालीने, म्हणजे त्याच्या सुनेने. सासू नव्हती. नवरा संदेश मुंबईत. तो तिथून लिंका पाठवायचा आणि आपलं कर्तव्य झालं असं समजायचा. दीपाली दिवसभर काजूच्या कारखान्यात गर निवडायची. अख्खा इकडे, पाकळी तिकडे, तुकडा खाली. तिच्या बोटांना चिरलेला काजू न बघता कळे. घरी येऊन भाकऱ्या, सासऱ्याची गोळी, गरम पाण्याचा शेक, आणि त्यानंतर हा मोबाइल.

रत्नागिरीच्या बाजारात, रामआळीत विचारलं तर तिथे होत्या त्या रांगत्या बाळांच्या, मुठीएवढ्या. मग तिने तीन संध्याकाळी चुलीपुढे बसून तीन ॲप चाळली. पहिल्यावर मूळ कंपनीचा माल होता, पण किंमत बघून तिने फोन पालथा ठेवला. पुन्हा उघडला तर खाली लिहिलेलं, तुमच्या पिनकोडला पाठवता येत नाही. दुसऱ्यावर कोणीतरी पोरांच्या वापरलेल्या विटा किलोवर विकत होतं, आणि त्यात काय निघेल ते देव जाणे. तिसऱ्यावर पाचशे विटा, स्वस्त, साडेचार तारे, घरपोच. खाली लोकांनी लिहिलेलं, 'पॅकिंग छान', 'मुलगा खूश'.

"कंच्या खाणीचा माल?" केरूने विचारलं.

"आबा, ह्याला खाण नसते."

"बनवणाराचा नाव तरी?"

"ते दिलेलं नाही."

"ज्या मालावर खाण लिवलेली नाय, तो कसा घ्याचा? एक वीट नमुन्याला दितील काय?"

दीपालीला हसू आलं, आणि इतकी झोप आली होती की हसायचंही राहून गेलं. तिने तिसरं ॲप उघडलं आणि मागवून टाकलं.

पार्सल आलं. रोज संध्याकाळी केरू ओटीवर पाट घेऊन बसायचा. विटा निसटायच्या, तिरक्या व्हायच्या, पडायच्या. दीपाली भिंतीवरच्या कॅलेंडरवर बसलेल्या जोड्यांचा आकडा लिहायची. शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य. दीड महिना शून्यच. "हातच मेलाय माझा," केरू म्हणायचा. तीही थकून म्हणायची, "होईल, आबा." तिला आता ते खरं वाटेनासं झालं होतं. एकदा तर बाबूला पिशवी देऊन टाकावी असंही तिच्या मनात येऊन गेलं.

एका रविवारी दुपारी ती सांडलेल्या विटा डब्यात भरत होती. सहज दोन विटा एकमेकींवर दाबल्या. बसेनात. अंगठा लाल होईपर्यंत दाबल्या तेव्हा कशाबशा बसल्या, आणि उचलताच सुटल्या. तिने वीस जोड्या करून बघितल्या. धड बसल्या त्या तीन. तिचे धडधाकट हात, रोज हजारो काजू पारखणारे, आणि दीड महिन्यात तिने ह्या विटांना एकदा हात लावून बघितला नव्हता. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की डबा तसाच घेऊन ती ओटीवर गेली.

"आबा, ह्या बसतच नाहीत!"

"नाय बसत," केरू शांतपणे म्हणाला.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पैल्याच दिवशी. डाव्या हाताने बघितली व्हती बसवून. एकीचा दाना बारीक, एकीचा जाडा."

"मग बोलला का नाहीत? सात दिवसांत परत तरी गेल्या असत्या!"

केरू अंगणाकडे बघत राहिला. "तीन दिस तू चुलीपुढं डोलं फोडीत बसलेलीस गो. कारखान्यातून मरून येतेस. तुला कसा सांगू, परत धाड म्हनून?"

अर्धा ट्रक परत धाडणारा माणूस हे बोलत होता. दीपालीला राग आला, आणि तो कोणावर काढावा तेही कळेना. ती पायरीवर बसली आणि पदराने डोळे पुसू लागली.

केरू पुन्हा बोलला. "आनी खरा सांगू? खराब मालावर ढकलता येत व्हता. माल चांगला निघाला आनी तरी हात चालला नाय, तर मग कोनावर ढकलू?"

दीपालीने फोन घेतला. तिने पहिलं ॲप उघडलं, मूळ कंपनीचं सगळ्यांत छोटं पाकीट निवडलं आणि पत्ता कारखान्याचा दिला; तो पिनकोड चालला. पाकीट आलं तेव्हा तिने जेवणाच्या सुट्टीत तिथेच फोडलं आणि डबा बाजूला सारून वीस जोड्या बसवल्या. बाकीच्या बाया हसल्या. वीसच्या वीस बसल्या, उलट्या धरल्या तरी सुटल्या नाहीत.

संध्याकाळी केरूने एक वीट डाव्या हातात घेतली. नखाने वाजवली, कान लावला. मान हलवली. मग ती उजव्या हातात दिली.

पहिली निसटली. दुसरी निसटली. दीपाली भाकरी टाकायची सोडून दारात उभी राहिली. तासाभराने चाळीस खेपा पुऱ्या झाल्या. पाटावर दोन जोड्या होत्या, बाकी सगळं विखुरलेलं. केरूच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"माल चांगला हाय," तो म्हणाला. घरमालकांना सांगायचा अगदी त्याच आवाजात. "आता कसूर हाताची. लिव, दोन."

तिने कॅलेंडरवर दोन लिहिलं.

"आनी आदीची शून्यं खोड. ती माजी नव्हती."

पेनाने लिहिलेली होती, पुसता येण्यासारखी नव्हती. दीपालीने एकेक करून सगळ्या शून्यांवर काट मारली. भाकरी तव्यावर करपली ती करपलीच.