खिडकीतून टाकलेला टॉवेल

महाडच्या स्टँडवर पोलादपूरची एसटी लागली की रोजचे एक काका खिडकीतून सीटवर टॉवेल टाकतात आणि मग सगळ्यांच्या शेवटी, सावकाश चढतात. बसले की तोंड सुरू.

"इलेक्शनला मेलेली मानसं मत टाकून जातात. कबड्डीत दम तुटला तरी पोरगा बाहेर जात नाय. आनि ह्यो ट्रकवाला बघा, डावीकडनं घुसला! रांगेत थांबायला नको कुनाला!"

परवा मी हसत विचारलं, "काका, आणि तुमचा हा टॉवेल?"

त्यांनी टॉवेल उचलून खांद्यावर टाकला. मग शेजारची रिकामी जागा थोपटत म्हणाले, "बसा. तुमच्यासाठीच धरली हाय."

उभ्या असलेल्या बायकांकडे न बघता मी बसलो.