गंजबाईंचा पेढा

चकचकीत वस्तू दिसली की आमच्या गंजबाईंना ती भट्टीत घालावीशी वाटे. अंधेरीच्या कारखान्यात त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखालची केमिस्ट. सिरॅमिकच्या पांढऱ्याशुभ्र नळ्यांना धातूच्या टोप्या जोडायच्या, हे आमचं काम. मध्ये चांदी-तांब्याचा मिश्रधातू वितळवायचा. हवा काढून घेतलेल्या भट्टीतून तो सांधा आरशासारखा बाहेर यायचा. पण तोच उघड्या हवेत तापला तर कसा गंजतो, हे बघायचं बाईंना वेड. म्हणून आम्ही ठेवलेलं हे नाव. ते त्यांना ठाऊक होतं. फोन उचलून स्वतःच म्हणायच्या, "गंज बोलतेय."

"हवा नसली की सगळेच गुणी," त्या मला सांगायच्या. "स्थळं बघतेयस ना? मुलाला आधी जरा तापवून बघ गं."

एकदा मोठी ऑर्डर आली. एका रासायनिक कारखान्याच्या भट्टीत त्या नळ्या बसणार होत्या. सांधा सुटला असता, तर समोरच्या माणसाच्या तोंडावर आगीचा झोत. मॅनेजरसाहेबांना मात्र दसऱ्याआधी माल पाठवायचा होता.

"बाई, बघा तरी! काय झकास चमकतोय!"

"इथे चमकतोय साहेब. तिथे तापेल."

"तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोट काढायचीच असते ना!"

बाई गोड हसल्या. तेव्हाच मला धडकी भरली.

माल निघायच्या दिवशी गिऱ्हाईक स्वतः आलं. बाई पेढ्यांचा बॉक्स घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये शिरल्या, गिऱ्हाइकासमोरच. "साहेब, शुभारंभ तुमच्या हातून." साहेबांनी ऐटीत झाकण उघडलं. आत आमचीच नळी, आठवडाभर उघड्या हवेत तापवलेली. सांधा काळाठिक्कर, पापुद्रे सुटलेले. साहेबांनी ती उचलली, तर टोपी हातात राहिली आणि नळी टणकन टेबलावर पडली.

"हवा लागली," बाई शांतपणे म्हणाल्या.

साहेबांनी अबोला धरला, पण माल थांबला. बाईंनी नळी लांब करून घेतली, म्हणजे सांधा धगीपासून दूर, थंड जागी राहील. तीही तापवून पाहिली आणि मगच सोडली. ते गिऱ्हाईक पुढे आमच्याकडे टिकलं.

काही वर्षांनी बाई बंगलोरच्या नोकरीवर निघाल्या. निरोपाच्या चहाला साहेबच म्हणाले, "बाई, आता माझं डोकं कोण खाणार?"

"सोय केलीय," बाई म्हणाल्या आणि भट्टीची किल्ली माझ्यासमोर ठेवली. "ही माझ्याहून चिवट आहे."

माझ्या तोंडात अख्खा सामोसा होता. नको म्हणायलासुद्धा जागा नव्हती.