महादूने बदललेल्या स्प्रिंगा

महादू गेल्याची बातमी मला स्टोअरच्या खिडकीत मिळाली, आणि मिळाली तरी ती मला कळली नाही. आमच्या कंपनीत हत्यार न्यायचं तर कामगाराने आपल्या नंबरचा पितळी बिल्ला ठेवायचा आणि नोकरी सोडताना सगळे बिल्ले जमा करायचे, अशी पद्धत आहे. महादूचा धाकटा भाऊ किसन सकाळी आला आणि त्याने पाच बिल्ले माझ्यापुढे ठेवले. मी म्हटलं, "का रे, महादू दुसरीकडे चालला की काय?" किसन म्हणाला, "दादा परवा गेला." मी विचारलं, "कुठं?" रांगेत त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाने मान खाली घातली, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं... पोटाचं दुखणं निघालं आणि आठ दिवसांत सगळं आटोपलं होतं. मी त्याला रजेवर समजत होतो.

या गोष्टीला दीड महिना झाला. महादू चिखलीचा, जुन्या शेतकरी घरातला. लढाईच्या काळात लष्करी वर्कशॉपमध्ये बंदुका दुरुस्त करणाऱ्यांच्या हाताखाली होता, पुढे पिंपरीच्या माळावर आमची कंपनी उभी राहिली तेव्हा फिटर म्हणून लागला. मी तिथे स्टोअरकीपर. मला नेमबाजीचा नाद आहे. माझ्याकडे परवान्याचं बावीस बोअरचं जर्मन पिस्तूल आहे, त्यावर मी दरवर्षी पुण्याच्या स्पर्धेत उतरतो. स्पर्धेआधीच्या रविवारी महादू सायकलवरून चिंचवडला माझ्या घरी यायचा, ओसरीवर धोतराचं फडकं पसरायचा आणि पिस्तूल खोलून साफ करून द्यायचा. मला गोळी नेमकी मारता येते, पण त्या यंत्राच्या पोटात काय आहे याची मी कधी फिकीर केली नाही. तो कामाला बसला की मी आत चहा सांगायला जाई आणि वर्तमानपत्र चाळून सावकाश बाहेर येई.

चार वर्षांपूर्वीची एक सकाळ मला आठवते. क्लबातले दोघे स्नेही आले होते. महादूने पिस्तुलातली स्प्रिंग काढून हातावर ठेवली. बार झाला की मागे आलेला भाग पुन्हा पुढे ढकलते ती ही स्प्रिंग. तो म्हणाला, "बापूराव, ही बसलीया. जोर न्हाई ऱ्हायला. अशीच ठेवली तर दणका हाताला बसंल, नेमबी हालंल." आणि त्याने खिशातून दुसरी काढली, पोलादी तारेची, स्वतः वळलेली. मी स्नेह्यांकडे बघून हसलो. म्हटलं, "जर्मन माल आहे हा, महादू. गावठी तार घालून मी बोटं तोडून घेऊ का?" ते दोघेही हसले. महादू म्हणाला, "ऱ्हायलं तर मग." त्याने आपली स्प्रिंग खिशात टाकली आणि जुनी परत बसवली. मी तेव्हा तिथेच उभा होतो, त्यामुळे एवढं मी खात्रीने सांगू शकतो. त्यापुढचं कशाचंच सांगू शकत नाही.

त्या वर्षानंतर माझा नेम सुधारत गेला. गेल्या खेपेला मी दुसरा आलो. दर स्पर्धेआधी पिस्तुलाचा तो सरकता भाग मागे ओढताना कडक लागायचा, आणि मी महादूलाच ऐकवायचो, "बघ, नुसतं तेल दिलं की कसं ताजं होतं. ही स्प्रिंग मला पुरून उरणार." तो फडक्याला हात पुसत म्हणायचा, "व्हय."

पंधराव्या दिवशी मी चिखलीला भेटायला गेलो. त्याची बायको यमुनाबाई आतून तपकिरीची डबी घेऊन आली. "हे तुमचं हाय म्हणायचे," म्हणाली. डबीत चार स्प्रिंगा होत्या. एक काळसर, टोकं गुळगुळीत घासलेली... ती जर्मन. बाकीच्या तीन हाताने वळलेल्या, वापरून बसलेल्या. मी घरी येऊन जन्मात पहिल्यांदा स्वतः पिस्तूल खोललं. आत पाचवी होती. तिच्या टोकावर पकडीच्या दातांचे ओरखडे स्पष्ट दिसत होते.

दुसऱ्या रविवारी मी पुन्हा गेलो. विचारलं, त्याने मला सांगितलं का नाही? किसन म्हणाला, "दादा चिडला हुता तुमच्यावर. चारचौघांत हासला न्हवं तुमी." यमुनाबाई म्हणाली, "चिडत न्हवते. मी इचारलं हुतं. निस्ते हासले." किसन म्हणाला, "वैनी, तुला न्हाई म्हाईत." ती म्हणाली, "तुला तरी काय म्हाईत?" मग दोघेही माझ्याकडे बघू लागले, जणू मलाच ठाऊक असावं.

मला एक वेगळीच गोष्ट छळत होती. दोन वर्षांपूर्वी कंपनीत साचे-हत्यारं बनवायची टूलरूम निघाली, तेव्हा तिथल्या साहेबांनी मला महादूबद्दल विचारलं होतं. मी म्हणालो, माणूस सरळ आहे, पण बारीक कामाला हात तेवढा नाही. दुसऱ्याला घेतलं. त्या वेळी महादूच्या हातचं बारीक काम माझ्याच पिस्तुलात होतं. हे त्याला कळलं होतं का, ते मला हवं होतं. मी आडून विचारलं, टूलरूमचं काही बोलला होता का? यमुनाबाई चटकन म्हणाली, "बोलले की. न्हाई घेतलं, पर बापूरावांनी माज्यासाठी शबुद टाकला म्हनले."

त्याला खरंच तसं वाटत होतं? की ठाऊक असून बायकोपुढे त्याने माझी लाज राखली? की स्वतःची? तेव्हापासून मी हे उलटसुलट करतो आहे. एकदा वाटतं, माझ्यावर त्याची माया होती. एकदा वाटतं, दर स्पर्धेआधी माझ्या ओसरीवर बसून तो मनात मला हसत होता. दोन्ही खरं असेल... किंवा यातलं काहीच नसेल, आणि बसलेली स्प्रिंग दिसली की त्याच्याने राहवत नसेल, इतकंच. यमुनाबाईसमोर मी मान हलवली. शब्द टाकला होता, असंच तिने समजावं अशी हलवली. तिथे खरं बोलायला जीभ उचलली नाही, म्हणून इथे लिहितो आहे. किसनला वाचता येतं, तो तिला वाचून दाखवील.

त्या दिवशी निघताना तिने मला गोठ्याशेजारच्या पडवीत नेलं. तिथे लाकडी फळीवर त्याचा शेगडा, काम आवळून धरायची लोखंडी पकड, बसवलेला आहे. त्यात एक सळई आवळलेली, सळईवर तार वळत आणलेली, आणि तारेचं मोकळं टोक खिळ्याला घट्ट बांधून ठेवलेलं. "येवढी आर्दीच ऱ्हायली," ती म्हणाली. "किती येढे घ्याचे, तुमाला कळतंय का बघा." मी डबीतल्या तिन्हींचे वेढे मोजून आलो होतो. प्रत्येकीचे वेगळे होते. मी वाकून पाहिलं, बोट लावून पाहिलं. तार ताणलेली होती. खिळ्यावरची गाठ सोडली असती तर सगळी एका झटक्यात उलगडली असती. "राहू द्या तशीच," मी म्हणालो. तिने पडवीचं दार लोटून घेतलं.